पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, पण गाळाचं काय?



उन्हाळा आला की नाल्यातला गाळ शेतात टाकायची बोलणी सुरू होतात. गाळ म्हणजे सोनं, मान्य. पण बोईसर-तारापूर एमआयडीसीच्या खालच्या अंगाला शेत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गाळ तपासल्याशिवाय उचलू नका. नुसता पाण्याचा रिपोर्ट पुरेसा नाही.

कारण बघा. काही रसायनांना पाण्याचं वावडं असतं. डीडीटी, एन्डोसल्फान, क्लोरपायरीफॉस ही त्यातलीच. ती पाण्यात फार राहत नाहीत, मातीतल्या सेंद्रिय भागाला जाऊन चिकटतात. किती चिकटतील याचा अंदाजही काढता येतो. १९७९ साली अमेरिकेत कॅरिकहॉफ आणि सहकाऱ्यांनी नदी-तळ्यांच्या गाळावर प्रयोग करून हे दाखवलं. प्रत्येक रसायनाचा एक 'केओसी' आकडा असतो. त्याला मातीतल्या सेंद्रिय कर्बाने गुणायचं, झालं.

क्लोरपायरीफॉसचा केओसी साधारण ६००० धरा. मृदा आरोग्य पत्रिकेवर कर्ब ०.५ टक्के असेल, तर ६००० × ०.००५ = ३०. म्हणजे लिटरभर पाण्यात १ मायक्रोग्रॅम असेल, तर किलोभर मातीत ३०. आणि नाल्याचा काळा गाळ २ टक्के कर्बाचा असेल, तर १२०! पाण्याच्या नमुन्यात जेमतेम काही दिसतं, माल सगळा खाली बसलेला.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. ग्लायफोसेट आणि जड धातू वेगळ्या रीतीने धरले जातात, त्यांची तपासणी वेगळी. आपल्या राबातला कोळसा तर हिशेबापेक्षाही घट्ट धरतो.

"शेणखत घाला, विष जातं" असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. खत विषाला धरून ठेवतं, त्यामुळे पिकाकडे कमी जातं. पण संपवत नाही. खत कुजून गेलं की धरलेलं पुन्हा सुटू शकतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं. अशा ठिकाणी गाळ काढायच्या प्रत्येक कामाआधी गाळाची रासायनिक तपासणी आणि सोबत सेंद्रिय कर्ब, दोन्ही व्हायलाच हवं. ग्रामसभेत तसा ठराव घ्या. कृषी अधिकाऱ्यांनाही विनंती, पाण्याच्या बाटलीसोबत गाळाची बरणीही भरा. बरणी काचेची घ्या, कारण ही रसायनं प्लास्टिकलाही चिकटतात. नमुना तीन-चार जागचा, वरच्या काळ्या थराचा घ्या.

एक ट्रॉली गाळ टाकायला तासभर लागतो. शेतात मिसळलेला गाळ परत काढता येत नाही.