दुसऱ्या धारेचे चीज आणि आपला वजनकाटा



गाय पान्हा चोरते हे आपण नेहमी ऐकतो. पण गाईच्या मालकानेच पान्हा चोरावा आणि त्यातून नामांकित माल तयार व्हावा, असेही एक उदाहरण आहे. फ्रान्सच्या आल्प्स डोंगरात, साव्वा भागात, रब्लोशाँ नावाचे गाईच्या दुधाचे मऊ चीज होते. त्याची हकीकत अशी सांगतात.

मध्ययुगात तिथली कुरणे जमीनदारांची आणि मठांची. कुळांकडून खंड घ्यायचा तो गाई किती दूध देतात यावर. मोजणीच्या दिवशी कारभारी आला की कुळे धार अर्धवट काढीत. त्याची पाठ फिरली की पुन्हा गाईखाली बसत. सड पुन्हा पिळण्याला तिकडच्या बोलीत जो शब्द होता, त्यावरूनच चीजला नाव पडले. आता गंमत पहा. पहिल्या धारा पातळ, लोणी असते ते शेवटच्या धारांत. हे आपल्या मायबहिणींना कुणी शिकवायला नको. म्हणजे मापात गेले पातळ दूध आणि खरा कस राहिला कुळाच्या घरी! मी याला लबाडी म्हणणार नाही. माप लिटराचे, कसाला विचारतो कोण?

आज चोरीचे कारण उरलेले नाही. १९५८ साली या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. ठरलेला डोंगरी टापू, ठरलेल्या तीनच जातींच्या गाई, मुरघास बंद आणि दूध कच्चेच वापरायचे. एकाच शेतावरचे दूध दोन्ही वेळा धार निघाल्याबरोबर तिथेच लावले, तर अर्ध्या किलोच्या त्या चपट्या वडीवर हिरवी चकती. अनेकांचे दूध एकत्र करून डेअरीत केले, तर लाल. गिऱ्हाईक चकती बघून पैसे मोजते. कसाला भाव आला, म्हणून लपवाछपवी संपली.

दुधाला आपणही फॅट आणि एसएनएफ लावतो. उसाला मात्र नुसता काटा! एफआरपी उताऱ्यावर ठरते खरी, पण तो साऱ्या कारखान्याचा सरासरी उतारा. पक्व ऊस, वाढे-पाचट-मुळ्या काढून, ताजा आणून देणारा आणि तोडीआधी पाणी सोडून वजन वाढवणारा, दोघांना एकच दर. आम्ही गावोगाव पक्वतेवर भाषणे देतो. लोक चहा पिऊन ऐकतात आणि रात्री मोटार चालू करतात. त्यांना दोष कसा द्यावा?

कोणी म्हणेल, गाडीगणिक उतारा काढणे झेपणार नाही. कबूल. लागण तारखेची तोडही मोडू नये, नाहीतर वशिला शिरायचा. पण एकाच पंधरवड्याच्या लागणीत तरी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहून पक्व ऊस आधी तोडावा आणि आकडे नावानिशी गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावेत. दरात फरक किती ठेवायचा, ते सर्वसाधारण सभेने ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी