सिस्टरचे दुखणे

नर्सिंगची विद्यार्थिनी रात्रपाळी करून सकाळी पुन्हा तासाला बसते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी वॉर्डात मृत्यू पाहते. मानसिक आरोग्य परिचर्या हा तिचा अभ्यासविषयच! रुग्णाचे नैराश्य ओळखते, स्वतःचे मात्र 'थकवा' म्हणून झाकते. कळले तर कोसाडला घरी परत बोलावतील, ही धास्ती.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. उत्तम झाले. पण हजेरी मांडणाऱ्या बाईंनाच ते काम दिले, तर मुलगी तोंड उघडेल काय? समुपदेशक बाहेरचाच हवा, आणि रात्रपाळीनंतरची सकाळ मोकळी हवी. तोवर वसतिगृहाच्या फळ्यावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तरी लिहा. तेथे चोवीस तास, मराठीत, कन्नडमध्ये आणि गुजरातीतही बोलता येते.