हिमभूमीवरील रोजकीर्द

वैशाखात सोलापूरचा पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि भर दुपारी पेठेत चिटपाखरू दिसत नाही. तरीही दुकान उघडे असते, आणि रात्री गल्ला मोजून रोजकीर्द लिहिल्याखेरीज व्यापाऱ्याचा दिवस संपत नाही. विक्री नगण्य झाली म्हणून पान कोरे ठेवण्याची रीत नाही. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जेथे हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांच्या आसपास उतरतो, तेथेही काही भारतीय हीच रीत पाळीत असतात.

अंटार्क्टिका खंडावर आज भारताची दोन संशोधन केंद्रे कार्यरत आहेत : १९८९ मध्ये उभारलेले ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’. त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. पहिली भारतीय मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. तिचे नेतृत्व डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्याकडे होते. १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातील सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या त्या पहिल्या स्त्रिया होत.

हिवाळ्यात ‘मैत्री’वर सुमारे पंचवीस माणसे राहतात. त्यांत शास्त्रज्ञांइतकेच महत्त्व डॉक्टर, स्वयंपाकी, यंत्रज्ञ आणि वाहनचालक यांना असते. धान्य, डाळी, तेल, औषधे, इंधन हा सारा माल उन्हाळ्यात येणाऱ्या जहाजातून वर्षभरासाठी भरावा लागतो. किनाऱ्यापासून केंद्र सुमारे शंभर किलोमीटर आत असल्याने तो बर्फावरून साखळीपट्ट्यांच्या वाहनांनी ओढून न्यावा लागतो. सोलापुरात डाळ संपली तर मार्केट यार्डात निरोप धाडता येतो. तेथे कोठीचा हिशेब चुकला तर पुढच्या जहाजाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ताज्या भाज्या लवकर संपतात. पाणी समोरच्या प्रियदर्शिनी सरोवरातून उपसून आणतात. १९९१च्या माद्रिद कराराने तेथील पशुपक्ष्यांना उपद्रव देण्यास मनाई केली असून, केंद्रावर निर्माण होणारा बहुतेक कचरा गोळा करून खंडाबाहेर नेणे बंधनकारक केले आहे.

हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही. झोपेचे गणित बिघडते आणि घरची आठवण दाटून येते. म्हणूनच वेळापत्रक, स्वयंपाकघरातील पाळीचे काम आणि सर्वांचे एकत्र भोजन यांना तेथे औषधाचे मोल आहे. विद्युतजनित्र बंद पडणे किंवा आग लागणे म्हणजे साक्षात प्राणसंकट. १९९० मध्ये नवव्या मोहिमेतील चार सदस्य तंबूत साचलेल्या विषारी वायूने मृत्युमुखी पडले. तेथे निष्काळजीपणाला क्षमा नाही.

एवढे कष्ट सोसून ही माणसे तेथे काय करतात? मुख्यतः नोंदी. हवामान खात्याचे कर्मचारी ठरलेल्या वेळी तापमान, वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब टिपतात. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म बदल नोंदवितात. कालचा आकडा आणि आजचा आकडा यांत पुष्कळदा फारसा फरक नसतो. बाहेर हिमवादळ घोंघावत असताना असा आकडा लिहून ठेवण्यात अर्थ काय, असा प्रश्न कोणालाही पडावा.

त्याचे उत्तर ब्रिटिशांच्या ‘हॅली’ केंद्राने दिले. तेथे १९५०च्या दशकापासून वातावरणातील ओझोन वायू मोजला जात होता. वीस वर्षे त्या वहीत विशेष काही घडले नाही. पुढे मात्र दर ऑक्टोबरात आकडा घसरू लागला. जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १९८५ मध्ये जगाला सांगितले, की सूर्याच्या घातक किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करणारा थर अंटार्क्टिकावर विरळ होत आहे. उपग्रहानेही असे आकडे टिपले होते; पण ते शंकास्पद म्हणून बाजूला पडले होते. जुन्या वहीची साथ असल्यामुळेच हॅलीच्या आकड्यांवर विश्वास बसला. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, मॉन्ट्रियल येथे करार झाला आणि शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे घातक वायू टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागले. आज तो थर हळूहळू सावरत आहे.

म्हणजे जगाला सावध करणारा आकडा एका दिवसात सापडला नाही. ज्या दिवसांत काहीच घडले नाही, त्या दिवसांच्याही नोंदी कोणीतरी प्रामाणिकपणे केल्या होत्या. म्हणून घसरण ओळखता आली. दिवाळीला नव्या वहीचे पूजन करणाऱ्या घरांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पेढीची खरी परिस्थिती मोठ्या सौद्याच्या एका पानावर दिसत नाही. ती मंदीच्या दिवसांतही न चुकता लिहिलेल्या पानांतून कळते. घरातील नव्या पिढीचा हिशेब आता संगणकावर असतो. साधन बदलले तरी हरकत नाही. रोजची नोंद तेवढी सुटू नये.