विश्लेषण : कीटकनाशक विकायला अभ्यासक्रम लागतो; बाळ सांभाळायला काय लागते?

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णीला कृषी सेवा केंद्र टाकायचे असेल, तर आधी कृषी विभागाचा परवाना लागतो. कीटकनाशके विकायची असतील तर शिक्षणाचीही अट आहे. कृषी किंवा विज्ञान शाखेची पदवी, नाही तर कृषीची वर्षभराची पदविका. जुन्या दुकानदारांकडे हे कागद नव्हते, त्यांच्यासाठी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम काढण्यात आला. मेडिकल दुकानात फार्मसिस्ट लागतो. ट्रॅक्टर रस्त्यावर आणायला लायसन लागते.

त्याच गल्लीत एखाद्या बाईने ओसरीवर आठ-दहा तान्ही मुले पैसे घेऊन सांभाळायला सुरुवात केली, तर तिला परवान्यासाठी कुठल्याही कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. तिने काय शिकले आहे, ओसरीशेजारचा हौद झाकलेला आहे का, बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर पहिल्या मिनिटात काय करायचे हे तिला ठाऊक आहे का, हे विचारण्याचे काम सरकारने कुणाला दिलेले नाही.

पाळणाघरांना परवाना हवा की नको, हा वाद शहरातला समजला जातो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण केल्याचे सीसीटीव्हीत दिसले, तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि नियमावलीची चर्चा सुरू झाली. पण या प्रश्नाची गावाकडची बाजू वेगळी आहे, आणि ती लक्षात न घेता केलेला नियम गावात उलटा पडेल.

कायदा नाही, असे म्हणता येईल का?

तसे म्हणता येत नाही. कायदे आहेत, पण ते तुकड्या-तुकड्यांत आहेत आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत त्याच्या कलम ११ मध्ये सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी असे बरेच काही आहे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्रात राम जोशी समितीनंतर १९९६ मध्ये पूर्वप्राथमिकसाठी कायदा झाला, तोही चिमुकल्यांच्या प्रवेश-मुलाखती थांबवण्यासाठी. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले. हे पाऊल चांगले आहे. मात्र नोंदणी म्हणजे माहिती भरणे, पात्रता तपासणे नव्हे.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. बाल न्याय कायद्याखालच्या (२०१५) ‘बाल देखभाल संस्थां’ना नोंदणी सक्तीची आहे, असे ऐकून अनेकांना वाटते की पाळणाघरे त्यात आली. ती आली नाहीत. ती नोंदणी निराधार किंवा कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलांच्या बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे.

खरी सक्ती आहे ती फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका नियमात. पोक्सो नियम, २०२०. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे, असे हा नियम सांगतो आणि त्यात शाळांबरोबर पाळणाघरांचा उल्लेख नाव घेऊन आहे. म्हणजे नर्सरीची बस चालवणारा, दारावरचा शिपाई, मुलांना शौचाला नेणारी मावशी, सगळे आले. पण पाळणाघरांची यादीच कुठे नसेल, तर हा नियम पाळला की नाही हे तपासायला कोणी जाणार कुठे?

पन्नासची अट आणि शेडनेटमधली आई

नोकरदार आईसाठी कायद्याने पाळणाघराची सोय केली आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. सामाजिक सुरक्षा संहितेतही (२०२०) आकडा ५० चाच आहे.

आता जालना पट्ट्यात या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि हा भाग बियाण्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. जाफ्राबाद, देऊळगाव राजा परिसरात भाजीपाल्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांच्या प्लॉटवर, शेडनेटमध्ये तयार होते. हे काम बोटांचे आहे आणि बहुतांश बाया करतात. आदल्या दिवशी फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला पराग लावायचा. वेळ चुकली की फूल वाया. त्यामुळे हंगामात खाडा चालत नाही.

या बाईचा मालक कोण? कागदावर अर्धा-एक एकरचा शेतकरी. त्याच्याकडे पन्नास बाया कधीच नसतात. कंपनी बियाणे विकत घेते, मजूर लावत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत इथे आस्थापना नाही आणि म्हणून पाळणाघरही नाही. मूल बांधावर, लिंबाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. सोबतीला सात-आठ वर्षांची बहीण, जिचा त्या दिवशी शाळेत खाडा. जवळ विहीर, शेततळे, फवारणीचा पंप आणि औषधाची रिकामी बाटली. ज्याने ती बाटली विकली त्याच्याकडे परवाना आहे.

अंगणवाडी आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, राज्यात सुमारे १ लाख १० हजार आहेत. पण अंगणवाडीत दिवसा बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल, तेही दुपारपर्यंत. तीन वर्षांखालच्या बाळाचे वजन होते, लसीकरणाला मदत होते, घरी न्यायचा आहार मिळतो. ते बाळ दिवसभर कुणापाशी असते, हा प्रश्न त्या व्यवस्थेने हाती घेतलेलाच नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात याचे एक साधे उत्तर होते. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर त्यांच्यातल्याच एकीने मुले सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. मूल सांभाळणे हे काम आहे, एवढे त्यात मान्य होते. शिकवायचे मात्र राहून गेले.

बारावी पास म्हणजे तयार?

सरकारला पात्रता ठरवायची झाली की पहिला हात शाळेच्या दाखल्याकडे जातो. अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते, राज्यात मदतनीसालाही. केंद्राच्या पाळणाघर योजनेतही सेविकेला बारावीच. दाखला नको असे नाही. नोंदी ठेवायच्या, पोषण ट्रॅकर भरायचा, तर वाचता-लिहिता आलेच पाहिजे. पण बारावीच्या कोणत्याही पेपरात रडणारे बाळ शांत कसे करायचे हे विचारत नाहीत. आठवी शिकलेली, चार नातवंडे वाढवलेली बाई या कामात सरस ठरू शकते, आणि अट घातली की पहिली तीच बाहेर पडते.

आपल्या कायद्याला हे एकेकाळी कळत होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर ‘बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या’ स्त्रीच्या ताब्यात असावे असे लिहिलेले होते. भर दाखल्यावर नव्हता, प्रशिक्षणावर होता. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, पुढे ते कोसबाडला गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली. नुसते प्रेम पुरत नाही, या कामाचे शिक्षण घ्यावे लागते, हा आग्रहही तिथलाच.

आज काय आहे? अंगणवाडी सेविकेच्या मूळ प्रशिक्षणाचा आराखडा २६ कामाच्या दिवसांचा होता आणि पाच दिवसांची उजळणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराची पदविका सुचवली, मुख्यतः मोबाइल आणि दूरचित्रवाणीवरून, काम सांभाळत करता येईल अशी. भाषा, खेळ, गाणी यासाठी हे ठीक. पण तान्ह्या बाळाच्या घशात काही अडकले, तर त्याला हातावर पालथे धरून पाठीवर थापा कशा द्यायच्या हे व्हिडिओ पाहून येत नाही. बाहुली हातात घ्यावी लागते आणि कुणीतरी ‘असे नाही, असे’ म्हणावे लागते.

मुलांच्या संख्येचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी असे प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक व्यक्ती लागते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी बाईने स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ पैसे घेऊन शेजाऱ्यांची मुले सांभाळायची म्हटली, तरी नोंदणी आणि बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण चुकत नाही. तिथला खर्च आपल्याला झेपणार नाही, हे खरे. पण एका बाईने दहा तान्ही सांभाळायची असतील, तर तिचे प्रशिक्षण तिथल्यापेक्षा पक्के हवे.

मग परवाना हवा की नको?

हवा. पण आधी प्रशिक्षण आणि मग परवाना. उलट क्रम लावला तर काय होईल ते सांगतो. खोलीचे चौरस फूट, सीसीटीव्ही, अग्निशमन दाखला, बारावीचे प्रमाणपत्र अशी यादी निघेल. छत्रपती संभाजीनगर, पुण्यातली साखळी प्ले-स्कूल ती पूर्ण करून फी वाढवतील. टेंभुर्णीतली ओसरीवाली मावशी बंद होईल किंवा कागदोपत्री ‘नाही’ होऊन तशीच चालत राहील, आणि कुणी हप्ता मागायला आला तर मुकाट्याने देईल. तिच्याकडची मुले परत बांधावर जातील.

म्हणून तिच्यासारखीला पहिल्या टप्प्यावर फक्त नाव नोंदवायला सांगावे. अर्ज ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे, शुल्क शून्य. नाव नोंदवले की दहा-बारा दिवसांचे प्रशिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात, त्या दिवसांच्या मजुरीसह. मजुरी न देता बाईला दहा दिवस बसवणे म्हणजे येऊ नकोस असे सांगणे. विषय मोजके : घशात अडकणे, पाण्यात पडणे, भाजणे, विषबाधा, ताप आणि जुलाब, ओआरएस, हात धुणे, बाळाला झोपवायची पद्धत, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर काय करायचे. शेवटचा विषय ऐच्छिक नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

जिथे मुलांची संख्या मोठी, फी घेतली जाते, नोकर ठेवले जातात, तिथे मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण परवाना, अचानक तपासणी आणि दारावर लावलेले प्रमाणपत्र हवे. ‘इंटरनॅशनल’ असा फलक लावून पत्र्याच्या खोलीत साठ मुले बसवणाऱ्याला ओसरीवालीची सवलत देण्याचे कारण नाही.

‘पुन्हा इन्स्पेक्टरराज’ ही ओरड होणारच. कीटकनाशक विक्रेत्यांच्या बाबतीतही झाली होती. सरकारने जुनी दुकाने एका रात्रीत बंद केली नाहीत. अभ्यासक्रम दिला, मुदत दिली, मुदत वाढवलीही. दुकानदारांना जी सबुरी दाखवता आली, ती बायांना का दाखवता येऊ नये?

पैसा कुठून येणार?

केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. २०२२ पासून ती मिशन शक्तीचा भाग आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, सहा महिने ते सहा वर्षांची मुले, एका केंद्रात पंचवीसपर्यंत, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. देशभरात अशी १७ हजार केंद्रे करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. एकट्या महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या त्याच्या सहापट आहेत. शिवाय जोडकाम नव्या सेविकेविना झाले, तर ते आहे त्याच ताईच्या गळ्यात पडेल. याच सेविकांना मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप करावा लागला होता. योजनेत पाळणाघरासाठी स्वतंत्र सेविका आणि मदतनीस सांगितलेली आहे. गावाने केंद्र मागताना ती दोन पदे भरल्याशिवाय उद्घाटनाची फीत कापू देऊ नये.

दुसरा वाटा बियाणे कंपन्यांचा असायला हवा. बांधकामावर मजूर कोणत्याही ठेकेदाराचा असो, १९९६ पासून कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर आहे. बीजोत्पादनाच्या करारातही प्लॉटमागे ठरावीक रक्कम पाळणाघरासाठी धरता येईल. क्रॉसिंगचे काम बायांच्या बोटांवर चालते, तर त्यांच्या मुलांचा खर्च बियाण्याच्या किमतीत दिसायला हरकत नसावी.

आणि तिसरा, सगळ्यात जवळचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. हा पैसा कुठे शिलाई मशीनवर जातो, कुठे हळदी-कुंकवाच्या वाणावर. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असेही कायदा सांगतो. पुढच्या सभेत दोन प्रश्न लेखी देता येतील : गावात पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या किती जणी आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघींना या वर्षीच्या दहा टक्क्यांतून प्रशिक्षणाला पाठवता येईल का? त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.