जोड असावी, बदल नसावा

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे निदान झाले की पाठोपाठ सल्ल्यांची रीघ लागते. कोणी काढा सुचवितो, कोणी गोमूत्र, कोणी दूरच्या गावच्या वैद्याचा पत्ता आणून देतो. सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सद्धेतूने दिलेला सल्लाही प्राणघातक ठरू शकतो, हे विसरून चालणार नाही.

या प्रश्नाचा सारा घोळ 'पूरक' आणि 'पर्यायी' या दोन शब्दांच्या गल्लतीतून झालेला आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी चालू असता रोग्यास आराम पडावा म्हणून त्यांच्या जोडीला जे केले जाते ते पूरक. त्यांना रजा देऊन त्यांच्या जागी जे बसविले जाते ते पर्यायी. योगासने, ध्यान, संगीत, हलके मर्दन यांना हसण्याचे दिवस आता गेले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ व २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्तनाच्या कर्करोगावरील काही गोळ्यांमुळे उद्भवणाऱ्या सांधेदुखीवर ॲक्युपंक्चरची, तर चिंता व खिन्नता यांवर ध्यानाभ्यासाची शिफारस आहे. तथापि यांपैकी एकाही उपायाने गाठ विरघळते, असे त्या सूचना म्हणत नाहीत.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेले दोन अभ्यास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. बरा होण्याजोगा कर्करोग असून ज्यांनी केवळ पर्यायी उपचारांची कास धरली, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या अडीच पट आढळला. दुसऱ्या अभ्यासात पूरक उपचार घेणाऱ्यांचा धोकाही दुप्पट दिसला. पण त्याचे कारण ते उपचार नव्हते. त्या रोग्यांनी शस्त्रक्रिया, केमोथेरपी वा किरणोपचार नाकारले होते, हे होते. जोड म्हणून आत घेतलेली वस्तू हळूच मालकाच्या जागी जाऊन बसते, ती अशी.

मग शहाणीसुरती माणसे त्या वाटेला का जातात? अज्ञान हे अर्धेच उत्तर होय. उरलेले अर्धे आमच्या रुग्णालयांच्या दारात आहे. गर्दीने गांजलेल्या डॉक्टरला रोग्याची झोप, भूक, भीती यांची विचारपूस करण्यास सवड नसते. भोंदू मात्र तासभर हात हातात घेऊन बसतो! लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले, ते वेदना केवळ शरीराची नसते हे ओळखून. मुंबईतही वांद्र्याला १९८६ साली 'शांती अवेदना सदन' उभे राहिले. परंतु एवढ्या मोठ्या देशाला अशी मोजकी आश्रयस्थाने कशी पुरावीत? औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करणारा हा देश. तरीही १९८५ च्या कायद्याच्या धाकाने येथील रुग्णालये मॉर्फिन ठेवण्यास कचरू लागली. २०१४ साली तो कायदा सैल झाला, पण मनातील धाक सरलेला नाही. ज्याची वेदना कोणी शमवीत नाही, त्याने मिळेल त्या काडीचा आधार घेतला, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आमचे म्हणणे असे की, पूरक उपचारांना रुग्णालयाच्या छपराखाली, जाणत्या देखरेखीत स्थान द्यावे. रोग हाडांत उतरला असता किंवा पायांत रक्ताची गुठळी असता साधे मर्दनही घातक ठरू शकते; ते कोणी, कोठे, किती करावे हे ठरविणारा तेथे हवा. रोग्याने काढा वा भस्म डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनी ते न रागावता विचारावे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती सरकारने कागदावरून बाजारात आणावी.

रोग हटण्याची आशा संपते तेथे रोग्याच्या इच्छेला अग्रमान असावा. त्यास भजन हवे असेल तर भजन, मौन हवे असेल तर मौन. पण तेथेही चमत्काराच्या नावाखाली कुटुंबाची उरलीसुरली पुंजी लुटण्याचा अधिकार कोणास नाही. मरणाऱ्या माणसाला खोटी आशा विकणे ही दया नव्हे. त्याची वेदना शमविणे आणि शेवटपर्यंत त्याच्यापाशी बसणे ही दया होय, आणि ती देणे हे सुसंस्कृत समाजाचे कर्तव्य आहे.