हिरवी मुलगी आणि केशराची डबी



वीस वर्षं न्यू जर्सीत काढून 'विकेड' बघितलं नाही, हे चारचौघांत सांगायची सोय राहिली नव्हती. ब्रॉडवेवर गर्श्विन थिएटरात ते ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झालं, २०२४ साली त्यावर सिनेमाही आला, तरी आम्ही आपले 'बघू कधीतरी'. शेवटी चौदा वर्षांच्या लेकीने फर्मान काढलं आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारच्या खेळाला गेलो. तिघांच्या तिकिटांचा आकडा आईला फोनवर सांगितलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात एक दुष्ट चेटकीण आहे. १९३९ च्या सिनेमात मार्गारेट हॅमिल्टनने हिरवा रंग फासून ती अजरामर केली. तिचीच बाजू मांडणारी कादंबरी ग्रेगरी मॅग्वायरने १९९५ साली लिहिली. बॉमच्या आद्याक्षरांवरून तिला एल्फाबा असं नाव दिलं. त्यावरून हे संगीत नाटक, गाणी स्टीफन श्वार्ट्झची. आता 'मृत्युंजय' आणि 'राधेय' वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल ते काय? त्यामुळे मी जरा हाताची घडी घालूनच बसलो होतो.

पण कर्ण जन्मला तो कवचकुंडलं घेऊन, तेजस्वी. ही जन्मते ती हिरवी, आणि बाप तोंड फिरवतो. पुढे वसतिगृहातल्या खोलीत ती मैत्रिणीला एक गोष्ट सांगते. गाणं नाही, प्रकाशयोजनेची कमाल नाही, दोन मिनिटांचं बोलणं. आईला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा हेही मूल हिरवं होऊ नये म्हणून बापाने तिला रात्रंदिवस मिल्कफ्लॉवर नावाची फुलं चावायला लावली. बाळ दिवसांआधीच आलं, पायाने अधू. आई गेली.

लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, केशर!" आणि हसली.

आमच्या घरचा किस्सा असा. बायकोला दिवस होते तेव्हा माझ्या आईने कुणाच्या तरी सामानातून केशराची डबी पाठवली. रोज रात्री दुधातून घ्यायचं, बाळ गोरं होतं. बायको नको म्हणायची, मीच दूध गरम करून समोर ठेवायचो. लेक झाली ती माझ्यासारखी, चांगली सावळी. "डबी फुकट गेली!" हे मी गेली चौदा वर्षं प्रत्येक पार्टीत सांगत आलोय, बऱ्याचदा ती ताटल्या आणून देत असताना. हमखास हशा. थिएटरात डावीकडे लेक हसत होती. उजवीकडे बायको अजिबात हसत नव्हती, आणि मला वाटतं ती कधीच हसली नव्हती.

पहिला अंक संपताना एल्फाबा झाडू घेऊन उंच हवेत जाते. त्या गाण्याला अंगावर काटा येतो, पैसे वसूल. दुसरा अंक मात्र घाईघाईत उरकलाय. बोलणाऱ्या प्राण्यांची वाचा काढून घेण्याचा केवढा मोठा विषय, तो प्रेमत्रिकोणाच्या गडबडीत मागे पडतो.

(शेवट फोडतोय, ज्यांना बघायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) माझी खरी तक्रार पुढेच आहे. ती हिरवी का, याचं उत्तर शेवटी मिळतं: खरा बाप वेगळाच, आणि त्याच्याकडची हिरव्या औषधाची बाटली. म्हणजे अडीच तास रंगाने काय बिघडतं असं विचारायचं आणि जाता जाता रंगाला कारण चिकटवून द्यायचं! बायकोचं म्हणणं वेगळं: ज्या जादूगाराने तिला राज्यभर बदनाम केलं, तिच्यातला हिरवा रंग त्याचाच निघाला, हेच त्यातलं बरोबर. परतीच्या गाडीत यावर आमचं वाजलं. लेक कानात तीच गाणी घालून बसली होती.

दोन आठवड्यांनी मित्राकडे कोजागिरी होती. आटीव दूध, भेळ, नेहमीची मंडळी. कुणीतरी म्हणालंच, "अरे, तो तुझा केशराचा किस्सा सांग ना, या नव्या लोकांनी ऐकला नाहीये." मी म्हटलं, "तो किस्सा आता बंद." दोघातिघांना वाटलं मी भाव खातोय, त्यांनी आग्रह धरला. मी भेळेत तिखट कमी आहे वगैरे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. लेक तेव्हा दुधाचे पेले वाटत होती. तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही.