नकाशातील वेग: कायद्याचा, सूचनेचा आणि प्रत्यक्षातला

डिजिटल नकाशा प्रवासाचा मार्ग आणि कालावधी सांगतो, तो प्रत्येक रस्त्याच्या नोंदवलेल्या वेगावरून. मात्र एकाच रस्त्याला तीन वेग असू शकतात: कायद्याने ठरवलेली मर्यादा, सुरक्षिततेसाठी सुचवलेला वेग आणि प्रत्यक्षात गाठता येणारा वेग. या तिन्हींची सरमिसळ झाल्यास केवळ वेळेचा अंदाजच नव्हे, तर चालकाची सुरक्षितताही धोक्यात येते.

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 112 नुसार केंद्र सरकार कमाल वेग ठरवते. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्यांनाही विशिष्ट रस्त्यांवर मर्यादा घालता येते. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी 120, तर मालवाहू वाहनांसाठी 80 किलोमीटरची मर्यादा अधिसूचित केली. ऑगस्ट 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. रस्ता तोच असला, तरी कायदेशीर आकडा वाहनानुसार आणि काळानुसार बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

सुचवलेल्या वेगाचे स्वरूप वेगळे आहे. जर्मनीत ऑटोबानच्या मर्यादा नसलेल्या भागांसाठी 1978 पासून ताशी 130 किलोमीटरची शिफारस आहे; ती ओलांडणे हा स्वतंत्र गुन्हा नाही.

सर्वाधिक वाद प्रत्यक्ष वेगाबद्दल आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशात तिन्हींसाठी स्वतंत्र नोंदी वापरल्या गेल्या. मर्यादेचा फलक कोणालाही तपासता येतो. पण घाटातील अरुंद रस्त्यावर एका चालकाला मिळालेला वेग पावसाळ्यात किंवा ट्रकचालकाला मिळेलच असे नाही. त्यामुळे रस्त्याचा पृष्ठभाग, रुंदी, गतिरोधक अशा पडताळता येणाऱ्या बाबी नोंदवाव्यात आणि वेगाचे अनुमान संगणकप्रणालीवर सोडावे, हा पर्याय अधिक ग्राह्य ठरतो.

मर्यादेच्या रकान्यात अंदाजाचा आकडा लिहिल्यास 50 च्या रस्त्यावर 80 चा वेग वैध भासेल. भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. युरोपीय संघात जुलै 2024 पासून सर्व नव्या मोटारींत वेगमर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा अनिवार्य आहे. नकाशातील आकड्यावर वाहनेही विसंबू लागल्याने तो आकडा कायद्याचा की अंदाजाचा, याची स्पष्ट नोंद आवश्यक ठरली आहे.